एका भोकात दोन बाण

डोंगरापलीकडच्या घळीत एक जखमी रानडुक्कर लपलं होतं. त्याला हुडकायचं आणि त्याचा शेवट करायचा, एवढ्याच कामासाठी तिघं जण उजाडता उजाडता जंगलाच्या नाक्यावरून निघाले. पुढे म्हातारबा, मध्ये वहिनी आणि मागे मोजपट्टी. आठ दिवसांपूर्वी त्या डुकराने वनरक्षकाची मांडी फाडली होती. परवा एका लाकूडतोड्याला झाडावर चार तास बसवून ठेवलं होतं. आणि सोमवारपासून घळीखालच्या उतारावर साठ माणसं रोपं लावायला जाणार होती. सोमवारला दोनच दिवस उरले होते!

पक्ष्यांच्या विणीचे दिवस असल्याने त्या पट्ट्यात बंदुकीला बंदी होती. म्हणून तिघांकडे होती ती धनुष्यं. म्हातारबा हे त्या वनरक्षकाचे वडील. वय सत्तरीच्या पुढचं, पण मातीवरची खूण वाचावी तर त्यांनीच. त्यांच्या पाठीवर मुलाचं धनुष्य होतं, आणि ते धनुष्य मोजपट्टीने बनवलेलं होतं.

मोजपट्टीचं खरं नाव फक्त मतदारयादीत उरलं होतं. हा माणूस धनुष्यं बनवायचा आणि खिशात कायम फुटाची पट्टी बाळगायचा. दाढ काढायला गेला तरी डॉक्टरच्या खुर्चीची उंची मोजून यायचा. लोक हसत, पण त्याने सांगितलेला आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असंही म्हणत. आज मात्र कुणी 'मोजपट्टी' अशी हाक मारली की त्याला तोंड लपवावंसं वाटत होतं. कारण त्याने एक आकडा खोटा सांगितला होता, आणि हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

झालं होतं ते असं. तीन आठवड्यांपूर्वी मोजपट्टीच्या घरच्या धनुष्यांच्या कारखान्यात, मागच्या अंगणात चाचणी झाली. रानडुकरासाठी कुठलं हत्यार द्यावं हे वनखात्याला ठरवायचं होतं. तिथे तीन हत्यारं उतरली. एक 'उभं', म्हणजे मोजपट्टीने स्वतः तासलेलं लाकडी धनुष्य. दुसरं खात्याने आणलेलं, टोकांना चाकं असलेलं, बाजारातलं. आणि तिसरा क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा खांद्याला लावून खटका दाबायचं धनुष्य. त्याला कारखान्यात सगळे 'आडवं' म्हणत, आणि आडवं हे वहिनीचं खातं. मोजपट्टीच्या थोरल्या भावाचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, खांदा निकामी झाल्यावर तिने त्याचं बाक ताब्यात घेतलं, आणि पाच वर्षांत अशी तयार झाली की गिऱ्हाईक दारातून आलं की सरळ तिच्याकडे वळे. मोजपट्टी तोंडाने 'आमची वहिनी म्हणजे वहिनी' म्हणायचा आणि रंधा जरा जास्तच जोरात मारायचा.

लोकांना वाटतं, आडव्याचा ताण दीडशे पौंडांचा, उभ्याचा पंचावन्न, तेव्हा आडव्याचा बाण तिप्पट आत शिरणार. तसं होत नाही. आडव्याची दोरी बाणाला जेमतेम वीतभर ढकलते, उभ्याची सव्वादोन विती. त्यामुळे शेवटी फरक उरतो तो दोन बोटांचा. तो फरक मोजायला ओल्या मातीचा मोठा ठोकळा केला होता आणि त्यावर जाड कातड्याचे दोन पदर ताणले होते. बाण उपसला की ठोकळा फिरवायचा आणि कोरी बाजू पुढे आणायची. 'एक भोक, एक बाण' हा मोजपट्टीच्या वडिलांनी घालून दिलेला नियम होता.

चाकांच्या धनुष्याने दहा इंच भरले. आडव्याने नऊ. मोजपट्टीच्या उभ्याने सात, पुन्हा सात. त्याचं डोकं तापलं. वहिनीच्या शेवटच्या बाणानंतर ठोकळा फिरवायची पाळी त्याची होती, आणि तणतणत परत फिरताना तो ते विसरला. तिसरा बाण सोडला, जवळ जाऊन बघतो तर काय, बाण वहिनीच्या बाणाच्या भोकातच शिरलेला! ठरवूनसुद्धा कुणाला असा नेम जमला नसता. कातड्यावर भोकाला दोन कडा स्पष्ट दिसत होत्या. बाकीचे वीस पावलं मागे उभे होते. त्याने पट्टी लावली.

"अकरा!" तो म्हणाला, आणि बाण उपसून अंगठ्याने माती दाबून टाकली.

पट्टीवर अकराच होते, मी काही वाढवून सांगितलं नाही, असं तो तेव्हापासून स्वतःला समजावत होता. ते त्याचं त्यालाच एकदाही पटलं नव्हतं.

खात्याने उभं निवडलं. ते वापरणार होता तो वनरक्षक, शाळेपासूनचा त्याचा दोस्त. "अकरा इंच म्हणजे खांद्यातून थेट काळजापर्यंत!" म्हणून खूश होऊन तो धनुष्य घेऊन गेला आणि तीस पावलांवरून त्याने डुकराच्या खांद्यात बाण मारला. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावर कूर्चेसारखा जाड थर असतो, त्याला शिकारी ढाल म्हणतात. बाण ढालीतच अडकला. डुक्कर पडलं नाही. ते वळलं.

तासाभरात नदी आली. नदीवरचा ओंडक्यांचा साकव पुराने नेला होता, आणि कमरेएवढं गार पाणी दगडांतून उसळत चाललं होतं. म्हातारबांनी काठावरची तीन ठिकाणं बघितली, तिन्ही नापसंत केली, आणि शेवटी चौथ्या ठिकाणी दोर बांधून उतरायचं ठरलं. मधोमध पोचल्यावर त्यांचा पाय घसरला!

"बाबा!" मोजपट्टी ओरडला. त्याने उडी घेतली. पाणी नाकातोंडात गेलं. हाताला सदरा लागला. तो त्याने गच्च धरला आणि दोर ओढत ओढत म्हाताऱ्याला काठाशी आणलं. म्हातारबा खोकत होते, कपाळाला खोक पडली होती, पण एक हात अजून सरळ वर होता. त्या हातात धनुष्य होतं, कोरडं ठाक.

"मी भिजलो तर वाळेन," ते धापा टाकत म्हणाले. "दोरी भिजली असती तर अकराचे पाच झाले असते. होय की नाही रे मोजपट्टी?"

मोजपट्टीने मान हलवली. आत्ता सांगावं, असं त्याच्या मनात आलं. पण ओले कपडे पिळणाऱ्या म्हाताऱ्याकडे बघताना जीभ उचलेना. पुढच्या वळणावर सांगू, असं त्याने ठरवलं. पुढचं वळण आलं आणि गेलं.

नदीनंतर सुटलेल्या दगडांचा उभा चढ होता. एक पाऊल वर टाकावं तर अर्धं खाली सरके. डाव्या हाताला दरी आणि तिच्यातून वर येणारं धुकं. वहिनीच्या पाठीवर आडव्याचं नऊ किलोंचं ओझं होतं, तरी ती दोघांच्या पुढे निघाली.

"भावोजी, तुमचं उभं हलकं आणि तुम्हीच मागे?" ती वरून ओरडली. "की अकरा इंच डोक्यात गेले?"

एरवी तो खवचटपणे काहीतरी बोलला असता. आज तो म्हणाला, "वहिनी, तू खाली बघून चाल." तिने जरा चमकून मागे पाहिलं.

माथ्यावर झाडीत शिरल्यावर खुणा मिळाल्या. चिखलात तीन खुरं खोल आणि चौथं नुसतं टेकलेलं. म्हातारबांनी बोटाने मातीची कड चाचपली. "कालचं आहे. डावा पुढचा पाय धरून चालतंय." थोडं पुढे एका खोडाला डुकराने अंग घासलं होतं, आणि बुंध्याशी पाचोळ्यात बाणाची मोडकी काडी पडली होती. वहिनीने ती उचलली. पिसं शाबूत होती. मोडक्या टोकाकडे रक्ताचा काळा डाग होता आणि डागाची रेघ जिथे संपत होती तिथपर्यंत तिने बोटं लावली. मग पातं धरून जेवढा तुकडा नाहीसा होता तो हिशेबात धरला.

"भावोजी, हे चारच्या वर नाही."

"हाडाला लागला असेल," मोजपट्टी पटकन म्हणाला.

"हाडाला लागला तर काडीला टोकाशी पीळ पडतो. तुम्हीच शिकवलंय मला."

त्याने काडी तिच्या हातातून घेतली आणि उगाच उलटीसुलटी करत राहिला. तिथून पुढे वहिनी त्याच्या मागे चालू लागली.

दुपारी एका कपारीखाली थांबून त्यांनी भाकरी सोडल्या. म्हातारबा सावकाश चावत होते. दात कमी, घास मोठा. मध्येच ते म्हणाले, "पाय बरा होईल म्हणतात डॉक्टर. लंगडेल, पण चालेल. पायाचं मला एवढं नाही वाटत."

"मग?" वहिनीने विचारलं.

"पोरगं खुळ्यासारखं करतंय. काठोकाठ भरलेला पेला हातात घेतो आणि हात पुढे करून बसतो. पाणी हिंदकळतं का बघतो. दिवसभर! म्हणतो, बाबा, धनुष्यात खोट नाही, मोजपट्टीने मोजलेलं आहे. माझाच हात हलला. मी आता रानात कुणाच्या जिवाची जबाबदारी घेऊ शकत नाही. नोकरी सोडायचा अर्ज लिहून ठेवलाय उशीखाली." म्हातारबांनी पाण्याची बाटली तोंडाला लावली. "म्हणून आलो मी. त्याच्याच धनुष्याने, तीस पावलांवरून, तिथेच खांद्यात मारणार. पडलं की जाऊन सांगेन, हात कुणाचाही हलतो, धनुष्य हे असं आहे. दुसऱ्यांदा तर धरशील नीट?"

मोजपट्टीने हातातली भाकरी खाली ठेवली. पायाचं पाप तो आठ रात्री कुशीवर तळमळत भोगत होता. हे दुसरं त्याला ठाऊकच नव्हतं. आपल्या एका आकड्याने दोस्ताचा हातसुद्धा काढून घेतला! आणि आता बाप त्याच आकड्याच्या भरवशावर त्याच डुकरासमोर उभा राहायला निघाला होता.

घळ म्हणजे दोन कातळभिंतींमधली काटेरी झुडपांनी भरलेली चिंचोळी वाट. एका अंगाला दगड रचल्यासारखी उंच पायरी, समोर मोकळी जागा. वारा तोंडावर होता. झुडपाच्या पोटातून घुरघुर ऐकू आली आणि तिघंही जागच्या जागी थिजले. डुक्कर आतच होतं!

म्हातारबांनी खुणेनेच जागा वाटल्या. वहिनी उजवीकडे पायरीवर. मोजपट्टी मागे. आणि ते स्वतः मोकळ्या जागेत, झुडपाच्या तोंडासमोर, तीस पावलांवर. त्यांनी बाण दोरीला लावला. खाली वाकून एक दगड उचलला, झुडपात भिरकावण्यासाठी.

मोजपट्टीने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, मारू नका. अकरा नाहीत."

"काय?"

"अकरा खोटे आहेत. बाण वहिनीच्या भोकात गेला होता. मला दिसलं होतं. मी बोललो नाही." तो कुजबुजत होता, पण आवाज फाटत होता. "खरे सात. आणि ते मातीत. ढालीत तर मी कधी मारून बघितलंच नाही."

म्हातारबांनी त्याच्याकडे बघितलं. एवढा वेळ बघितलं, की मोजपट्टीला वाटलं, त्यांनी तो दगड माझ्याच कपाळात घालावा.

"तू सात म्हणाला असतास," म्हातारबा अगदी हळू बोलले, "तर पोरगा खांद्यात मारायला गेलाच नसता. डुक्कर कूस दाखवेपर्यंत त्याने वाट बघितली असती. बरगड्यांच्या मागे, कुशीत मारलं असतं. एवढं त्याला कळतं."

"हो बाबा."

"मग तो..."

त्यांचं वाक्य पुरं झालं नाही. झुडूप फुटलं! काळं, चिखलाने माखलेलं, टेबलाएवढं धूड बाहेर आलं. डाव्या खांद्यावर पू धरलेली जखम. सुळे पांढरे. ते सरळ म्हाताऱ्यावर निघालं!

विचार करायला वेळ नव्हता. मोजपट्टीने म्हातारबांना दगडाआड ढकललं आणि स्वतः मोकळ्यात धावला. डावीकडे! वहिनीपासून लांब! "ए! इकडे! इकडे!" त्याने धनुष्य डोक्यावर फिरवलं. डुक्कर अडखळलं. दुखऱ्या पायावर वळायला त्याला क्षणभर जास्त लागला. मग ते त्याच्या अंगावर वळलं, आणि वळताना त्याची अख्खी कूस पायरीकडे उघडी पडली.

"वहिनी! कुशीत! ढालीच्या मागे!"

आडव्यात एकच बाण असतो. दुसरा भरायला अर्धं मिनिट लागतं, आणि मोजपट्टीकडे तीन सेकंद होते. वहिनीने घाई केली नाही. तिने श्वास सोडला. खटका वाजला!

बाण शेवटच्या बरगडीमागून आत गेला आणि दिसेनासा झाला. डुक्कर थांबलं नाही. त्याने मोजपट्टीला धडक दिली, तो उडून कातळावर आपटला, सुळा त्याच्या दंडाला चिरत गेला. त्याने डोळे मिटले. दुसरी धडक आली नाही. डोळे उघडले तेव्हा डुक्कर मोकळ्या जागेत तिरकं धावत होतं, वीस पावलं, चाळीस, मग त्याचे पुढचे पाय दुमडले आणि ते नाकावर पडलं. पुन्हा उठलं नाही.

कुणीच आनंदाने ओरडलं नाही. वहिनी पायरीवरून उतरली, आधी म्हातारबांना उठवलं आणि मग मोजपट्टीच्या दंडाला फडकं बांधलं. गाठ तिने इतकी घट्ट मारली की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ऐकलंस तू?" त्याने विचारलं.

"सगळं ऐकलं." ती फडक्याची टोकं खोचत राहिली. "तुम्ही हरला असता तर मी चिडवून चिडवून तुम्हाला जेवू दिलं नसतं, एवढंच. पण त्या दिवशी भोकाला दोन कडा आहेत असा मला लांबूनसुद्धा संशय आला होता, भावोजी. मी जवळ जाऊन बघितलं नाही. तुम्ही मोजलंय म्हटल्यावर कशाला बघायचं? आता तीन आठवडे मीही झोपणार नाही."

मोजपट्टी कातळाला धरून उठला. त्याला वाटलं होतं, डुकरासमोर उभं राहिलं की काहीतरी फिटेल, छातीवरचं ओझं उतरेल. उलट आता ते दोघांत वाटलं गेलं होतं.

म्हातारबा डुकराजवळ उभे होते. मोजपट्टी लंगडत त्यांच्याकडे गेला. "बाबा, मी..."

"माझा जीव वाचवलास ते मी विसरणार नाही," म्हातारबा वळूनही न बघता म्हणाले. "आणि दुसरंही विसरणार नाही. डुकराचं काम झालं. पोराचं राहिलंय. ते मी सांगणार नाही, तू सांगायचंस."

दुसऱ्या दिवशी दुपारी ते उतरून आले. वनखात्याच्या कचेरीत डुक्कर पडल्याची नोंद झाली, साहेबांनी तिघांचे हात हातात घेतले, आणि शाबासकी द्यायला जमलेल्या माणसांतून वाट काढत मोजपट्टी थेट वनरक्षकाच्या घरी गेला. दाराशी त्याने दोनदा हात वर केला आणि दोनदा खाली घेतला. तिसऱ्यांदा म्हातारबांनीच मागून येऊन दार ढकललं.

खिडकीशी पलंग होता. पलंगाखाली कुबड्या, पायाखाली दोन उशा. वनरक्षकाच्या पुढे केलेल्या हातात काठोकाठ भरलेला पेला होता आणि त्याची नजर पाण्यावर खिळलेली होती. "आलास? मारलंत म्हणे!" तो हसला. "दंडाला काय लागलं? बस ना."

मोजपट्टी बसला नाही. उभ्यानेच त्याने सगळं सांगितलं. ठोकळा फिरवायचा कसा राहिला, भोकाच्या दोन कडा, अंगठ्याने दाबलेली माती. कुठेही स्वतःची बाजू घेतली नाही. सांगताना तो भिंतीकडे बघत होता, आणि सांगून झाल्यावरही तिकडेच बघत राहिला.

वनरक्षकाचा पेला अजून पुढे केलेलाच होता.

"म्हणजे," वनरक्षकाने विचारलं, "माझा हात हलला नव्हता?"

"नाही."

"बाण कुठे लागला होता? नीट सांग."

"खांद्याच्या अगदी मधोमध. जखम मी स्वतः बघितली. याहून चांगला नेम कुणाचाच बसला नसता."

वनरक्षकाने पेला खाली ठेवला. ठेवताना पाणी चादरीवर सांडलं, ते त्याने बघितलंही नाही. त्याचा चेहरा वेडावाकडा झाला, आणि लहान मुलासारखा तो बापाकडे वळला. "बाबा, ऐकलंत का? हलला नव्हता माझा हात!"

"ऐकलं रे," म्हातारबा म्हणाले आणि पलंगाच्या कडेवर बसून त्यांनी मुलाचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

मोजपट्टी वाट बघत उभा राहिला. शिवी चालली असती. थोबाडीत चालली असती. कुबडी फेकून मारली असती तरी त्याने हात आडवा केला नसता. दोस्त त्याच्याकडे बघतच नव्हता. शेवटी तो दाराशी गेला तेव्हा मागून आवाज आला, थकलेला, रागाचा लवलेश नसलेला.

"जाताना दार ओढून घे."

त्याने दार ओढून घेतलं.